ओट्यावरचा अभ्यास

“लुदिया, आता तू सांग.”

चटईवर गोल करून आम्ही दहाजणी बसलो होतो. माझ्या एका बाजूला मार्थाबाई आढाव, दुसऱ्या बाजूला शाळेतली शिक्षिका एस्तेर. समोर हन्नाबाई रणपिसे. गुडघे वाकत नसल्यामुळे त्या एकट्या स्टुलावर बसायच्या. चॅपेलच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी चार वाजता बायकांचा शास्त्राभ्यास असायचा आणि त्याला हन्नाबाईंनी घालून दिलेला एकच नियम होता. वाचलेला भाग आठवडाभर करून बघायचा आणि पुढच्या गुरुवारी काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. कुणी लांबण लावली की त्या मध्येच थांबवायच्या. “व्याख्यान नको बाई. हातानं काय केलंस तेवढं सांग.”

त्या दिवशी मार्थाबाईंनी सांगितलं, की ज्या जावेशी तीन वर्षं बोलणं नव्हतं तिच्या अंगणात जाऊन त्या तिला पापड वाळत घालू लागल्या. जावेनं तोंडातून शब्द काढला नाही, पण घालू दिले. एस्तेरनं वर्गातल्या एका मुलीला उगाच मारलं होतं, तिची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. पाळकसाहेबांच्या बायकोला आम्ही पाळकीणबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, “मी कुणाच्या पाठीमागे काही बोलले नाही. म्हणजे मंगळवारपर्यंत.” सगळ्या हसल्या.

मग माझ्यावर आलं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं.

“मी एका माणसाला क्षमा केली.”

“आमेन,” बायका म्हणाल्या. हन्नाबाई म्हणाल्या नाहीत. प्रार्थना झाली, बायका चपला शोधू लागल्या, तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

“चटई गुंडाळायला थांब गं.”

मी चटईचं एक टोक धरलं. खोलीत दोघीच उरल्यावर त्या म्हणाल्या, “आजचा अकरावा गुरुवार.”

“कसला, बाई?”

“अकरा गुरुवार तू हेच सांगतेस. माणूस एकच आहे?”

मी मान हलवली.

“मग रोज क्षमा करावी लागते, असं तो रोज काय करतो?”

फाटकाशी सायकलची घंटा वाजली. पाच झाले होते. “उशीर होतोय बाई,” असं म्हणून मी चटई तशीच अर्धवट टाकली आणि निघाले.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लग्नाला अडीच वर्षं झाली होती. रत्नाकर मिशनच्या छापखान्यात जुळारी होता. शिशाचा एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची, हे त्याचं काम. रविवारच्या उपासनेत तो पेटी वाजवायचा. कधी आवाज चढवून बोलायचा नाही. नवीन लग्न झालं तेव्हा आम्ही राहायचो त्या मिशन कंपाउंडमधल्या बायका मला म्हणायच्या, नशीब काढलंस. मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. आता नुसतं नाव घेते.

लग्नानंतर चारपाच महिन्यांनी एकदा दारात पाववाला आला होता. तो काहीतरी गमतीचं बोलला आणि मी हसले. रत्नाकर दुपारी जेवायला येत होता, त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यानं बाहेरून कडी घातली. आठवड्यानं कुलूप आणलं. “कंपाउंडात चोऱ्या फार झाल्यात,” तो म्हणाला. “मला तुझी काळजी वाटते.”

सकाळी नऊला कुलूप लागायचं. एक वाजता जेवायला उघडायचं, पावणेदोनला पुन्हा लागायचं, साडेपाचला उघडायचं. ओळीतली दोन खोल्यांची घरं होती ती. पुढच्या खोलीला ओट्यावर उघडणारी गजांची खिडकी, मागं स्वयंपाकघर, त्याला वर हातभर झरोका. संडास ओळीच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. त्यामुळे मधल्या वेळेत मला मोरीतली बादली वापरावी लागायची आणि एक वाजता तो जेवायला बसण्याआधी मी ती पदराआड धरून टोकापर्यंत घेऊन जायचे. समोरच्या बायका तेवढ्यापुरत्या आत जायच्या. त्यांना कळत नव्हतं असं नाही. आमच्या आणि मार्थाबाईंच्या घरामध्ये एका विटेची भिंत होती. त्यांची फोडणी मला ऐकू यायची. मग माझ्या घरातलं त्यांना काय ऐकू येत नसेल?

तो मारायचासुद्धा. पण कपड्याखाली झाकलं जाईल, असंच.

नाताळात माहेरी मनमाडला गेले तेव्हा मी आईला सांगितलं. आईनं भावाला सांगितलं. भाऊ रेल्वेत होता. तो म्हणाला, “माणूस दारू पीत नाही, पगार घरी आणतो. मूल झालं की निवळेल.” परतीच्या गाडीत त्यानंच मला बसवून दिलं.

रविवारची उपासना आणि गुरुवारचा अभ्यास, या दोन वेळा मात्र मी बाहेर असायचे. मी नसते तर लोकांनी विचारलं असतं, आणि लोकांनी विचारलेलं रत्नाकरला आवडत नसे. गुरुवारी कामातून वेळ काढून तो सायकलवरून सोडायला यायचा, सायकलवरून न्यायला यायचा.

आणि मी क्षमा करायचे, हे खोटं नव्हतं. निदान तेव्हा मला ते खोटं वाटत नव्हतं. साडेपाचला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की मी मनात म्हणायचे, प्रभू, मी त्यांना क्षमा केली. वचनाप्रमाणे वागणं म्हणतात ते हेच, असं मला वाटायचं. त्यापलीकडे माझ्या हातात तरी काय होतं?

त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी स्टोव्ह भडकला. मी आमटी ठेवली होती. पंप मारला आणि ज्योत एकदम वर आली, दोरीवरच्या टॉवेलला लागली, टॉवेलवरून कोपऱ्यातल्या कागदाच्या गठ्ठ्यावर गेली. खोलीभर धूर झाला. मी पुढच्या दाराकडे धावले आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. ते बाहेरून बंद आहे, हे मला माहीत नव्हतं का? पण हात आपोआप ओढत होते. मग मी परत आत आले, पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं ओतलं, ओली घोंगडी टाकली. विझली.

नंतर काळ्या पाण्यात बसले होते, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी ओरडले नव्हते. भिंतीपलीकडे मार्थाबाई होत्या, समोर चार घरं होती, आणि आग लागलेली असताना मी तोंडातून आवाज काढला नव्हता. लोक जमतील, कुलूप बघतील, यांना काय वाटेल, हाच विचार त्या धुरात माझ्या डोक्यात होता.

रत्नाकर एकला आला. भिंत बघितली. “स्टोव्ह सांभाळून वापरायचा,” म्हणाला.

पुढच्या गुरुवारी हन्नाबाईंनी नेहमीचा भाग काढलाच नाही. आम्ही डोंगरावरचं प्रवचन क्रमानं वाचत होतो. त्यांनी एकदम इब्री लोकांस पत्र उघडायला सांगितलं, शेवटचा अध्याय. जे बंदीत आहेत त्यांची आठवण ठेवायची, आणि तीसुद्धा आपणही त्यांच्याबरोबर आत आहोत अशी, एवढाच त्या भागाचा अर्थ.

पाळकीणबाईंना उत्साह आला. “तालुक्याच्या तुरुंगात जाऊ या! पुढच्या गुरुवारी. मी साहेबांना सांगून परवानगी काढते. केळी नेऊ, दोन गीतं म्हणू.”

“जाऊ,” हन्नाबाई म्हणाल्या. “पण बंदीतलं माणूस त्याहून जवळ कुणाला माहीत आहे का?”

मार्थाबाई चटईची काडी नखानं उकरत होत्या. मी माझ्या वहीकडे बघत होते. काय केलंस, असं त्या दिवशी हन्नाबाईंनी मला विचारलंच नाही. गोल माझ्यापाशी आला आणि त्या एस्तेरकडे वळल्या.

शुक्रवारी सकाळी साडेआठला दारात हन्नाबाई उभ्या. काखेत वळकटी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून बायबलचा कोपरा बाहेर आलेला. अडुसष्ट वर्षांची बाई, कंपाउंडच्या दुसऱ्या टोकापासून ते ओझं घेऊन एकटी चालत आली होती. चाळीस वर्षं त्यांनी खेडोपाडी जाऊन बायबलबाईचं, म्हणजे बायकांना घरोघर वचन वाचून दाखवण्याचं काम केलं होतं. कंपाउंडमधला प्रत्येक पुरुष लहानपणी त्यांच्या रविवारच्या शब्बाथशाळेत बसलेला. रत्नाकरही.

“रत्ना, मी राहायला आलेय.”

तो शर्टाची बटणं लावत होता. “या ना बाई. किती दिवस?”

“काम होईपर्यंत.”

“कसलं काम?”

“गुरुवारचं.”

त्याला काही कळलं नाही. मलाही. पण त्यांना नाही म्हणण्याची कंपाउंडात कुणाची छाती नव्हती. त्यानं वळकटी आत ठेवली, मला चहा टाकायला सांगितला आणि जाताना कुलूप खुंटीवरच राहू दिलं.

पुढचे सहा दिवस दाराला कुलूप लागलं नाही. तो नऊला जायचा, दार सताड उघडं असायचं, आणि मी आत बसायचे. दुसऱ्या दिवशी हन्नाबाई म्हणाल्या, “दार उघडं आहे.”

“हो.”

“मग?”

“हे विचारतील, कुठं गेली होतीस.”

“काय सांगशील?”

मी तांदूळ निवडायला घेतले. त्या शेजारी बसून निवडू लागल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. संडासला मात्र त्या दोन वेळा माझा हात धरून जायच्या, जणू आधार त्यांनाच हवा होता. धुराची काळी भिंतही त्यांनी पाहिली. बोट फिरवून बघितलं आणि बोट पदराला पुसलं.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी रत्नाकरला ओट्यावर बोलावलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

“रत्ना, मी तुझ्याशी एकट्याशी बोलतेय. आधी पाळकांकडे गेले नाही, कुणाकडे गेले नाही. तू बायकोला कोंडून ठेवतोस, मारतोस. ते पाप आहे. सोड.”

नेहमीच्या हळू आवाजात तो म्हणाला, “तिनं सांगितलं?”

“तिनं काही सांगितलं नाही. मला डोळे आहेत.”

“बाई, तुम्ही पाहुण्या आहात. माझ्या घरातलं मी बघीन.”

“मी पाहुणी नाही म्हणून तर आलेय.”

तो हसला. आत येऊन जेवला. तव्यावरची भाकरी माझ्या हातून करपली होती, तीही खाल्ली. मला वाटलं, टळलं.

सकाळी नऊला त्यानं चप्पल घातली आणि खुंटीवरचं कुलूप काढलं. “आज अभ्यासाला जायचं नाही,” मला म्हणाला. मग हन्नाबाईंकडे बघून, “बाई राहायला आल्यात ना? मग राहू देत.” दार ओढलं गेलं. किल्ली फिरली. सायकलचा आवाज लांब गेला.

मी हन्नाबाईंचे पाय धरले. “बाई, माझ्यामुळं झालं हे. तुम्ही कशाला आलात?”

“ऊठ आधी,” त्या म्हणाल्या. “फरशी गार आहे.”

दहा वाजले असतील. त्या मोरीकडे गेल्या आणि दारात थांबल्या. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं. चॅपेलमध्ये ज्यांच्यासाठी लोक उठून उभे राहतात, ती बाई माझ्या घरात, माझ्या बादलीवर, भिंतीला हात टेकून गुडघे वाकवत होती. त्यांना किती वेळ लागला ते मला ऐकू येत होतं. अडीच वर्षांत मी स्वतःसाठी अशी रडले नव्हते.

त्या बाहेर आल्या, हात धुतले, माझ्याजवळ खाटेवर बसल्या.

“शलोमी नावाची मुलगी होती,” त्या म्हणाल्या. “नदीपलीकडच्या खेड्यातली. मी तेव्हा तरुण होते, सायकलवर फिरायचे. ती माझ्याकडे तीनदा पळून आली. अंगावर वळ असायचे. तिन्ही वेळा मी तिला क्षमेचं वचन वाचून दाखवलं, प्रार्थना केली आणि बैलगाडीत बसवून स्वतः परत पोचवून आले. चौथ्यांदा ती माझ्याकडे आली नाही. विहिरीकडे गेली.”

मी त्यांच्याकडे वळून बसले.

“वचन खरं होतं लुदिया. पण मी ते मार खाणारीला वाचून दाखवलं. मारणारा तिथंच ओट्यावर बसला होता. त्याला मी काय म्हटलं असेल? पाणी मागितलं. त्यानं दिलं, मी प्यायले आणि गाडीत बसले.”

बाहेर कुणाची तरी बादली नळाखाली वाजत होती.

“तू दर गुरुवारी क्षमा केली म्हणायचीस ना, तेव्हा मला ती दिसायची. पहिले काही गुरुवार मी इतर बायकांसारखं आमेन म्हटलं. ते माझ्यावर आहे.”

मी डोळे पुसले. “बाई, तुम्ही मार्थाबाईंना हाक मारा. तुमचा आवाज ऐकला की त्या येतील. तुमच्यासाठी सगळे येतील.”

“येतील,” त्या म्हणाल्या. “मला काढून घरी नेतील. उद्या तू इथंच.”

“मग काय करायचं?”

“मी काही करणार नाही. मी तुझ्याबरोबर आत आहे. संध्याकाळपर्यंत आहे, उद्या आहे, वर्षभर आहे. हाक मारायची की नाही, ते तू ठरव.”

मला त्यांचा राग आला. खरंच आला. एवढं ओझं घेऊन आल्या, आणि आता हात बांधून बसल्या. मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली. पीठ मळायला घेतलं. बाराला पाच कमी होते. एकला हे येतील, जेवायला बसतील, मी वाढीन, पावणेदोनला कुलूप लागेल. उद्याही. समोर काळी भिंत होती. आग पुन्हा लागली, तर हन्नाबाईंना त्या गुडघ्यांनी उठता तरी येईल का?

पिठाचे हात तसेच घेऊन मी पुढच्या खोलीत आले आणि खिडकीचे गज धरले.

“मार्थाबाई!”

आवाज फाटका निघाला. ओट्यावरची चिमणी उडाली, एवढंच. मी पुन्हा ओरडले. त्या वेळी संपूर्ण ओळीला ऐकू गेलं असणार, कारण समोरची दोन दारं उघडली. मार्थाबाई लसूण सोलता सोलता आल्या आणि खिडकीसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

“काय गं?”

“आजचा अभ्यास इथं आहे.”

“इथं?”

“ओट्यावर. चारला नाही, आत्ता. सगळ्यांना सांगा.”

“पण लुदिया, दाराला…” त्या अडल्या.

“हो,” मी म्हटलं. “दाराला कुलूप आहे.”

हा शब्द मी आजवर कुणासमोर उच्चारला नव्हता. मार्थाबाईंच्या मुठीतला लसूण खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही. तशाच ओळीच्या टोकाकडे धावत गेल्या. जाड बाई, मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

मागं वळून बघितलं तर हन्नाबाई खाटेवर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

साडेबाराच्या सुमारास बायका येऊ लागल्या. एस्तेर शाळेच्या मधल्या सुट्टीत, हाताला खडू तसाच. कुणी डोक्यावर पदर ओढून उन्हातून, कुणी चटई काखेत मारून. नऊच्या नऊ आल्या आणि कुलपाकडे बघत ओट्यावर बसल्या. त्यांतल्या सगळ्यांत शेवटी पाळकीणबाई आल्या. त्यांच्या हातात टोपली होती. आज चारला तुरुंगात जायचं ठरलं होतं, त्यासाठी घेतलेली केळी. त्या खिडकीपाशी आल्या, आत मला पाहिलं, मागं हन्नाबाईंना पाहिलं, आणि टोपलीकडे पाहिलं. मग त्यांनी एक केळं मोडून गजांतून माझ्या पिठाच्या हातात दिलं. दुसरं हन्नाबाईंसाठी.

“सुरू करा,” हन्नाबाई आतून म्हणाल्या. “एक वाक्य. मार्था, तू आधी.”

मार्थाबाईंनी मान वर केली नाही. “मी दोन वर्षं भिंतीतून ऐकलं आणि रेडिओ मोठा केला.”

आमेन कुणी म्हटलं नाही.

“मी तुला बादली नेताना बघितलं की आत जायची,” समोरची वत्सला म्हणाली.

“मला वाटायचं, मी लग्न न झालेली, मी काय बोलणार,” एस्तेर म्हणाली.

पाळकीणबाई म्हणाल्या, “मी साहेबांना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, पेटी कोण वाजवणार? मी पुन्हा विचारलं नाही.”

गोल फिरत फिरत खिडकीपाशी आला. मी दोन्ही हातांनी गज धरले होते.

“मी तुमच्याशी अकरा आठवडे खोटं बोलले,” मी म्हटलं. “ती क्षमा नव्हती. मी भीत होते.”

तेवढ्यात सायकल आली.

रत्नाकर ओट्यापाशी उतरला. नऊ बायका त्याच्या दारात बसलेल्या. एकीनंही जागा सोडली नाही.

“काय चाललंय?” त्यानं विचारलं.

“अभ्यास,” पाळकीणबाई म्हणाल्या.

“बाईंना बरं नव्हतं, म्हणून मी…”

“मला काय झालंय रत्ना?” आतून आवाज आला. “दार उघड.”

दारापर्यंत जाण्यापुरती वाट त्यांनी करून दिली, पण कुणी उठलं नाही. त्यांच्या गुडघ्यांमधून पाय टाकत त्याला यावं लागलं. किल्ली कुलपात जाईना. शिशानं काळी झालेली त्याची बोटं मी खिडकीतून बघत होते. इतकं मोजून काम करणारी ती बोटं दोनदा चुकली. मग कुलूप निघालं.

मी हात धुतले नाहीत. पायात चपला घातल्या, हन्नाबाईंना खाटेवरून उठवलं आणि उंबऱ्यापाशी आले. तो दारात उभा होता. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “लुदी, आत चल. आपण बोलू. सगळ्यांसमोर तमाशा नको.”

पूर्वी हा आवाज ऐकला की माझे पाय आपोआप मागं वळायचे. त्या दिवशीही वळू लागले होते. हन्नाबाईंचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं, म्हणून मला वळता आलं नाही, हे खरं सांगते.

“मी जाते,” मी म्हटलं.

“कुठं?”

ते मला माहीत नव्हतं. मार्थाबाई म्हणाल्या, “माझ्याकडे.” पाळकीणबाई म्हणाल्या, “आमच्याकडे.” एस्तेर म्हणाली, “वसतिगृहात माझ्या खोलीत.” एकीचं संपायच्या आत दुसरी बोलत होती.

“हन्नाबाईंकडे,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी ओटा उतरलो.

पुढं जे झालं ते एका दिवसात झालं नाही. पाळकसाहेब चारदा समजूत घालायला आले. दोनदा त्यांनी मला समजावलं. पाळकीणबाई त्यांच्याशी घरी काय बोलल्या देव जाणे, पण तिसऱ्या वेळेपासून ते रत्नाकरला समजावू लागले. भाऊ मनमाडहून आला आणि माझ्याशी न बोलता गेला. रत्नाकर तीन गुरुवार अभ्यासाच्या खोलीबाहेर येऊन उभा राहिला. चौथ्या गुरुवारी आला नाही. वर्षभरानं दुसऱ्या शहरातल्या छापखान्यात गेला. मी दवाखान्यात कामाला लागले, मग परिचारिकेचा अभ्यासक्रम केला. त्याला क्षमा मी सात वर्षांनी केली. त्यानं पत्र लिहिलं होतं, त्याला मी उत्तर पाठवलं. परत गेले नाही. लोक विचारायचे, क्षमा केलीस तर जात का नाहीस? हन्नाबाई तोवर वारल्या होत्या, नाहीतर त्यांनीच काहीतरी खणखणीत उत्तर दिलं असतं. मी नुसती नाही म्हणायचे.

पण मला जास्त आठवतो तो त्या गुरुवारनंतरचा शुक्रवार. हन्नाबाईंच्या खोलीत मी सकाळी उठले, तोंड धुतलं आणि दाराजवळ बसून राहिले. नऊ वाजले. त्या बायबल वाचत होत्या.

“काय करू?” मी विचारलं.

“दूध संपलंय. डेअरीवर जाऊन आण.”

“एकटी?”

“मग? माझे गुडघे कुठं नेतेस?”

त्यांनी किटली दिली. मी फाटकाबाहेर पडले. डेअरी पाच मिनिटांवर होती. दूध घेतलं आणि परत फिरायचं तर पाय फिरेनात. मी एस.टी. स्टँडपर्यंत गेले. तिथं पाट्या वाचत उभी राहिले. मग नदीकाठचा रस्ता धरला. धुणं धुणाऱ्या बायका बघितल्या. रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबले, घुंगरांचा आवाज ऐकला. पावाच्या गाडीवरचा एक अनोळखी माणूस म्हणाला, “बाई, बाजूला सरा.” मी सरले. कोणीही काही विचारलं नाही. उन्हं डोक्यावर येईपर्यंत मी चालत होते. मार्च संपत आला होता.

खोलीवर आले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. हन्नाबाईंनी किटलीचं झाकण काढून वास घेतला. दूध नासलं होतं.

मी उभीच राहिले. आता विचारतील, कुठं होतीस, कोण भेटलं, एवढा वेळ कसा लागला.

त्यांनी स्टोव्ह पेटवला, दूध पातेल्यात ओतलं, वर मूठभर साखर टाकली आणि डाव माझ्या हातात दिला. “हलवत राहा. खाली लागू देऊ नकोस.”

पाऊण तास मी हलवत होते. पाणी आटलं, रवाळ गोळा झाला. तो आम्ही दोघींनी पातेल्यातूनच चमच्यानं खाल्ला, गरम गरम, दार उघडं टाकून.